चार बोटांची फट

स्पीडब्रेकर चुकवायचे म्हणून मी गाडी पाणंदीनं घातली. घोडेगावहून महाळुंगे पडवळला यायचं, डांबरी रस्ता सरळ समोर, आणि मी शहाणा उसातल्या कच्च्या वाटेला लागलो. ऊसतोड सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. त्या वाटेनं रोज भरलेले ट्रॅक्टर जातात, म्हणजे चाकोऱ्या खोल पडलेल्या असणार आणि मधे मातीचा वरंबा उरलेला असणार, हे आमच्याकडच्या शेंबड्या पोरालाही कळतं. मला ते गाडीचं पोट वरंब्यावर टेकल्यावर कळलं.

गाडी म्हणजे आमची जुनी हॅचबॅक. दिसायला चारचौघींसारखी, पण आतून मी तिचं पार सोंग बदललं होतं. टर्बो मोठा, इंजिनाच्या कॉम्प्युटरला नवं डोकं, क्लच असा कडक की दाबताना मांडी भरून यावी, आणि सायलेन्सरचा आवाज असा की शेजारच्या म्हशीनं पान्हा चोरावा. शेजारच्यांची तशी तक्रारही होती. शिवाय गाडी बुटकी केलेली. जमीन आणि गाडीचं पोट यांच्यात चार बोटांची फट. मूळच्या उंच स्प्रिंगा कांद्याच्या बारदानात बांधून मी माळ्यावर टाकल्या होत्या.

ज्या मिस्त्रीनं हे काम केलं, तो किल्ली हातात देताना म्हणाला होता, "भाऊ, पळणारी गाडी कुणीबी करून देईल. ती रस्त्याची झाली का न्हाई, ते हळू कशी चालती त्यावरनं बघायचं. बाजाराचा दिवस, तापलेलं इंजन, म्होरं बैलगाडी आन् मागच्या सीटवर म्हातारं माणूस. एवढ्यात पास झाली तर तुमची." मी मान डोलावली आणि विचारलं, "शंभरला किती सेकंदात जाईल?"

म्हातारं माणूस मागच्या सीटवर त्या दिवशी आलं. माझ्या सासूबाई, ज्यांना मी मामी म्हणतो. त्या निमगाव साव्याच्या. त्यांचं माहेर मेंढपाळाचं, लग्न होईपर्यंत त्या वडिलांच्या मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेल्या. डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता, घोडेगावात ऑपरेशन झालं, आणि चार दिवस त्यांनी आमच्याकडं राहायचं ठरलं. डॉक्टरांनी बजावलं होतं, वाकायचं नाही, धक्का बसू द्यायचा नाही. सकाळी निघताना बायकोनं माझ्याकडं न बघताच सांगितलं होतं, "आईचा डोळा जपून घरी आणलात तर तुमची ही गाडी आहे अशी ऱ्हाईल. न्हाई तर माळ्यावरचं बारदान खाली."

येताना पहिल्या स्पीडब्रेकरला मी गाडी तिरकी करून एकेक चाक चढवलं, तरी पोट खरडलं. मामी हुंकारल्या. दुसऱ्याला पुन्हा तेच. पुढं अजून पाच-सहा होते. म्हणून पाणंद.

पुढची दोन्ही चाकं अधांतरी फिरत होती. पाच वाजून गेले असावेत. दोन्ही बाजूंना न तोडलेला ऊस, गाडीपेक्षा उंच, आणि वाटेवर फक्त आभाळाची अरुंद पट्टी. इंजिन धडधडत होतं, त्यात सगळी गाडी थरथरत होती.

"आंबेमोहोराचा वास येतोय," मामी म्हणाल्या. एका डोळ्यावर झाकण, दुसऱ्यानं त्यांना तसंही फारसं दिसत नव्हतं. "हितं घर हाय का कुणाचं?"

नव्हतं. पण वास खरंच होता. नवा तांदूळ चुलीवर रटरटावा तसा, गोडसर, उबदार. मागं मामींशेजारी बसलेल्या बायकोनंही नाक वर केलं.

"कुणी पाणी भरायला आलं असंल, भात टाकला असंल," मी म्हणालो.

"पावणं," मामी म्हणाल्या, "इंजन बंद करा. मला ऐकू येऊ द्या."

आता खरी अडचण अशी की आमच्या गाडीला एक खोड होती. तापलेली असताना बंद केली की दहा-पंधरा मिनिटं ती चालू होत नसे. हे मी घरात कुणाला सांगितलं नव्हतं. पेट्रोल पंपावर मी मुद्दाम हवा भरायला, पाणी प्यायला, लोकांशी गप्पा मारायला रेंगाळायचो, ते याचसाठी.

"बंद केली तर..." मी म्हणालो.

"तर काय?" बायको.

मी बंद केली.

इतकी शांतता मी आमच्या शिवारात कधी ऐकली नव्हती. एरवी त्या वेळी टिटव्या असतात, कुठंतरी मोटर चालू असते, लांब कुणीतरी कुणालातरी हाका मारत असतं. तेव्हा काहीच नव्हतं. वारा नव्हता, तरी डाव्या हाताला उसाची चार-सहा पानं हलली आणि थांबली. सायलेन्सर थंड होताना टिक टिक करत होता.

"मेंढरं रवंथ थांबवायची ना," मामी हळू म्हणाल्या, "तवा असंच व्हायचं. आन् हाच वास. दादा, माझे वडील, म्हणायचे, भाताचा वास आला की मेंढरांचा वाडा हलवा, वाघरू येऊन मुतून गेलंय."

आमच्याकडं बिबट्याला वाघच म्हणतात. त्याचं कौतुक कुणाला राहिलं नाही. पण उसाचे काही नियम आहेत, ते सगळे पाळतात. जाताना मोठ्यानं बोलायचं, मोबाइलवर गाणी लावायची, आणि काही झालं तरी उसाच्या कडेला वाकायचं किंवा बसायचं नाही. उभा माणूस त्याला माणूस दिसतो. वाकलेला माणूस त्याला शेळीएवढा दिसतो.

आणि माझी गाडी सोडवायची तर आडवं पडल्याशिवाय इलाज नव्हता. जॅक त्या फटीत जातच नव्हता.

आम्ही दोघं उतरलो. बायको माझ्या बाजूला उभी राहिली. तिनं मोबाइल काढला, रेंज नव्हती, गाणं लागेना. "मी बोलते," ती म्हणाली. "तुमी हात चालवा."

मी कुशीवर पडलो आणि जॅकच्या दांड्यानं इंजिनाखालचा वरंबा खरवडायला लागलो. वरंबा फक्त पुढं उंच होता, मागं फट मोकळी होती. त्या चार बोटांतून पलीकडची वाट दिसत होती, गवताची बुडं, आणि त्यावर मावळतीचं केशरी ऊन. लांबट, बारीक उजेडाची पट्टी. मी माती ओढत होतो, बायको वर लग्नाच्या आमंत्रणांबद्दल काहीतरी मोठ्यानं बोलत होती. मधेच ती थांबली.

पट्टीचं मागचं टोक काळं झालं.

मग ते काळं पुढं सरकलं. सावकाश, कसलाही आवाज नाही. मागच्या चाकापासून मागच्या दारापर्यंत आलं आणि तिथं थांबलं. दाराच्या आत मामी बसलेल्या होत्या. गाडी आणखी एक वीतभर उंच असती तर मला दिसलं असतं काय आहे ते. चार बोटांत फक्त एवढंच कळत होतं, की पलीकडं आता ऊन नाही.

"अगं, तिकडं कशाला गेलीस?" मी म्हणालो.

"कुठं गेले?"

आवाज माझ्या डोक्यावरून आला. तिच्या चपला माझ्या कमरेपाशी होत्या.

मी तसाच पडून राहिलो. आणि बायकोनं तोंड सोडलं. वीस वर्षांच्या संसारात ती माझ्यावर तशी ओरडली नव्हती. "लाज वाटती का जरा तरी? म्हाताऱ्या माणसाला घेऊन कुठं आणून टाकलंय! काय मिळालं हे करून? आं? हाल हितनं! हाल म्हनते ना!" गाडीच्या टपावर ती तळव्यानं दणादणा मारत होती. आतून मामींनीही हाळी दिली, मेंढरांमागं देतात तशी, लांबलचक, घशातून. मला बिचाऱ्याला वाटलं, दोघी मायलेकी एकदम माझ्यावर उठल्या.

मग आवाज न बदलता, तेवढ्याच मोठ्यानं ती म्हणाली, "आता सावकाश उठायचं. माझा हात धरून. पळायचं न्हाई."

मी उठलो. तिनं मला समोर बघू दिलं नाही, माझी मान धरून दाराकडं वळवली. उसाचं कोरडं पाचट मी आधीच चाकांखाली कोंबलं होतं, तेवढ्यावर भिस्त ठेवून आम्ही आत बसलो. आमच्या बाजूच्या काचा वर. किल्ली फिरवली. स्टार्टर फिरला, इंजिन नाही. पुन्हा. नाही.

"तापलीय," मी म्हणालो. आता लपवण्यात अर्थ नव्हता. "दहा मिनिटं लागतील."

बायकोनं माझ्याकडं पाहिलं. त्या नजरेपेक्षा बाहेर जे काही होतं ते बरं, असं मला क्षणभर वाटलं.

ऊन गेलं. भाताचा वास आता गाडीच्या आत होता. मामी मधेच एवढंच म्हणाल्या, "गेलं न्हाई. बसलंय."

चौथ्या खेपेला इंजिन धडाडलं. मी क्लच केसाकेसानं सोडला. चाकांनी पाचट धरलं, पोटाखाली काहीतरी करवतीसारखं कापत गेलं आणि गाडी सुटली. डांबरीपर्यंत गाडी मी माणूस चालतो त्याहून सावकाश आणली, कडक क्लच अर्धा दाबून धरत. मागं बायकोनं मामींचं डोकं दोन्ही हातांत धरलं होतं, भरलेली घागर धरावी तसं. शंभरला किती सेकंद, ते मला आजही माहीत नाही. पण ती वाट संपायला किती वेळ लागतो, ते माझ्या पायाला पक्कं माहीत आहे.

दुसऱ्या दिवशी डोळा तपासायला आम्ही एसटीनं गेलो. झाकण निघालं, डोळा नीट होता. मामींनी त्या डोळ्यानं पहिल्यांदा मला निरखलं आणि म्हणाल्या, "वाळलात पावणं."

म्हणजे अट मी पाळली होती. डोळा जपून आणला होता. संध्याकाळी अंगणात गाडी धुताना मी तसं बायकोला सुचवून पाहिलं. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर, काचेखाली, धुळीत मोठा पुसट डाग होता, कुणीतरी अंग घासून गेल्यासारखा. मी त्यावर पाणी मारलं नव्हतं. ती तो डाग बघत उभी राहिली.

"तुमी खाली व्हता ना," ती म्हणाली, "तवा ते हितं उभं व्हतं. काचेला नाक लावून. मधी आईचं डोकं, अलीकडं मी. आमी दोघी एकमेकींकडं बघत व्हतो. ते बारदान उद्या सकाळी खाली काढा. आन् मी जे बोलले ना काल, त्यातलं निम्मं तुमाला नव्हतं."