दयाळाच्या पोटातलं भोक

कंपनीच्या साहेबांना भिंतीवर मकाव हवा होता. लाल-निळा-पिवळा, ब्राझीलच्या जंगलातला तो भलाथोरला पोपट. आणि जागा उरलीच तर शेजारी एखादा पेंग्विन.

"मॅडम, लोकांचं लक्ष वेधलं गेलं पाहिजे," ते म्हणाले.

"मग पांढरं अस्वलही काढते की. मे महिन्यात सातपूरच्या उन्हात तेही लक्ष वेधेल."

साहेबांनी ते वहीत लिहून घेतलं. खरंच लिहून घेतलं! तेव्हाच माझा पारा चढायला सुरुवात झाली आणि पुढचे पंधरा दिवस तो उतरला नाही.

मी शाळेत चित्रकला शिकवते आणि उरलेल्या वेळात हौशी नाटकांत खाष्ट बायकांची कामं करते. मेकअप फारसा लागत नाही असं घरचे म्हणतात. सातपूरच्या एका कंपनीला रस्त्याकडेची भिंत रंगवून हवी होती. कंपनीची जमीन रस्त्यापेक्षा उंच, म्हणून माती अडवायला बांधलेली जुनी दगडी भिंत. पावसाचं मुरलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तिच्यात ओळीने अकरा पाइप बसवलेले, मनगट सहज आत जाईल एवढ्या तोंडाचे. चित्रासाठी भिंतीला प्लास्टर केलं, तेव्हा गवंड्यांनी पाइपांची तोंडं उघडी ठेवली होती. वर मोठ्या अक्षरांत 'पक्षी वाचवा' आणि खाली पक्षी, असा साहेबांचा बेत. पर्यावरण दिनाला मोठ्या पाहुण्यांच्या हस्ते उद्घाटन. ते पाहुणे कशातले मोठे होते, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही.

मकावावरून तीन बैठका झाल्या. पहिलीत मी समजावलं, दुसरीत सुनावलं, तिसरीत उठून दारापर्यंत गेले आणि दाराशी जरा जास्तच वेळ थांबले. नाटकात याला एक्झिट घेणं म्हणतात. चांगली एक्झिट घेतली की माणसं परत बोलावतात. बोलावलं. ठरलं: फक्त नाशिकचे पक्षी. दयाळ, बुलबुल, पिंगळा, धीवर म्हणजे खंड्या. मी जिंकले. त्या विजयाची धुंदी नंतर मला फार महागात पडली.

पक्ष्यांच्या बाबतीत मी एवढी कट्टर झाले ती आमच्या सरांमुळे. सर कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे, आता निवृत्त आहेत. सहा वर्षं झाली, दर रविवारी सकाळी आम्ही गंगापूर धरणाच्या मागच्या पाण्यावर जातो. पहिल्या रविवारी मी वहीत लिहिलं होतं, 'फारच गोड पक्षी.' सरांनी वाचलं आणि विचारलं, "गोड? चाटून पाहिलात का, बाई?"

पक्षी कसा दिसतो ते नंतर, आधी तो काय करतोय ते लिहा, हा त्यांचा नियम. चोचीत किडा धरलाय पण गिळत नाहीये, तर समजा जवळपास घरटं आहे. घरट्यातून निघताना चोचीत पांढरी पिशवी आहे, तर समजा आत पिल्लू जिवंत आहे. ती पिशवी म्हणजे पिल्लाची शी. देवाने कातडीत बांधूनच दिलेली, आईबापांनी उचलायची आणि लांब नेऊन टाकायची. हे कळल्यावर मी तीन आठवडे भेटेल त्याला सांगत सुटले होते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा.

तर मी परांचीवर चढले. डाव्या टोकापासून रंगवत निघाले. माझ्या मदतीला पेठ तालुक्यातला एक पन्नाशीचा रंगारी होता. भातलावणीला गावी परत जाईपर्यंत इकडे मिळेल ते काम करायचा. कमी बोलायचा, हात मात्र सफाईचा. मी सरांना फोन करकरून दयाळाच्या शेपटीत पिसं किती आणि त्यातली पांढरी कुठली, ते विचारत होते. मोबाइलवर फोटो मोठा करून चोचीचा कोन तपासत होते. आणि आठ दिवस माझ्या पाठीमागे, रस्त्यापलीकडच्या विजेच्या खांबावर, काळा कोट-पांढरा सदरा घातलेला एक खराखुरा दयाळ गळा फाडून गात होता. मी पाठ त्याच्याकडे आणि तोंड मोबाइलकडे करून त्याचं चित्र काढत होते. 'वा, पार्श्वसंगीत!' असंही एकदा म्हणाले. हे आता लिहिताना पेन फेकून द्यावंसं वाटतंय.

उद्घाटनाच्या आदल्या दिवशी दुपारी उजव्या टोकाचा शेवटचा पक्षी राहिला होता. दयाळ, माणसाएवढा, शेपटी ताठ. आणि माप असं बसलं की पाइपाचं तोंड बरोबर त्याच्या पांढऱ्याशुभ्र पोटात आलं. गोळी लागल्यासारखं काळं भोक.

खाली उभे असलेले साहेब म्हणाले, "मॅडम, हा मेलेला वाटतोय."

मला ते झोंबलं. आणि नेमकं त्याच वेळी त्यांचं म्हणणं पटलं, याचा राग वेगळा. "सगळीच बुजवून टाका," मी म्हटलं. "अकराच्या अकरा. पुट्टी भरा, वरून मी रंग मारते."

पाणी कुठून निघणार, हे साहेबांनी विचारलं नाही. मीही नाही. रंगाऱ्याने मात्र गोणपाटाचा बोळा हातात घेतला, त्या शेवटच्या पाइपात वाकून पाहिलं आणि थांबला.

"बाई, यात काड्या हायेत. पाखराचं असंल."

"जुनं असेल हो."

"जुनं नाय वाटत."

"दादा, पाच वाजता परांची उतरवायची आहे. लावा पुट्टी."

त्याने माझ्याकडे एकदा पाहिलं. मग बोळा कोंबला, पुट्टी लावली, पत्र्याने घासून गुळगुळीत केली. बाकीची दहाही तशीच बुजवली.

मी रंग मारत असताना तारेवर एक करड्या रंगाची मादी येऊन कर्कश ओरडायला लागली. चर्र, चर्र, सारखी चर्र. खाली कंपनीतली पाच-सहा माणसं चहा पीत होती. प्रेक्षक दिसले की माझं जे होतं ते झालं. मी ब्रश हातात धरून, मान वाकडी करून, तिला तिच्याच आवाजात उत्तर दिलं. हुबेहूब! माणसं खो-खो हसली. एकाने तर 'वन्स मोअर' दिला. मी दिला तो वन्स मोअर.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला मी जरीच्या काठाची साडी नेसून हजर. मांडव, खुर्च्या, सनईची रेकॉर्ड. आणि काय पाहते, तर दयाळ, खराखुरा, माझ्या दयाळाच्या पोटासमोर हवेत फडफडतोय! भिंतीला पाय लावतोय, घसरतोय, तारेवर जाऊन बसतोय, परत येतोय.

"अहो बघा, बघा!" मी टाळ्या पिटल्या. "स्वतःचं चित्र बघायला आलाय! याहून मोठा अभिप्राय कुठला?" सगळ्यांनी मोबाइल काढले. साहेब म्हणाले, "व्हिडिओ घ्या, पाहुण्यांना दाखवू."

तेवढ्यात सर आले. मीच बोलावलं होतं, कौतुक करून घ्यायला. ते हसले नाहीत. दोन मिनिटं नुसते पाहत राहिले.

"बाई, त्याच्या चोचीत काय आहे?"

"अळी."

"गिळतोय?"

मी परत पाहिलं. अळी तशीच चोचीत होती.

"इथे काल काय होतं?"

पाइप. त्यात काड्या. काल चार वाजल्यापासून. रात्रभर. आणि मी त्या आईची नक्कल करून टाळ्या घेतल्या होत्या.

"हातोडी," मी म्हटलं. "हातोडी आणि छिन्नी आणा."

साहेब आडवे आले. "मॅडम, काय करताय? साडेदहाला पाहुणे येताहेत!"

"आत पिल्लं आहेत."

"असतील. मान्य. कार्यक्रम झाल्यावर काढू ना. तासाभराचा प्रश्न आहे."

"वर काय लिहिलंय ते वाचा."

"ते वाचलंय हो, पण आज फोटो आहेत!"

यावर मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. एवढंच सांगते की खाष्ट सासूच्या कुठल्याही भूमिकेत मला तेवढे चांगले संवाद मिळालेले नाहीत. साहेब दोन पावलं मागे सरले. रंगारी एव्हाना शिडी लावून वर पोचला होता. हातोडी त्याच्याकडेच होती, त्याने कुणालाच विचारलं नव्हतं. तीन-चार हलके घाव. पुट्टीचा पापुद्रा पडला, त्यासोबत माझं पांढरंशुभ्र पोट पडलं. मग त्याने बोळ्याचं टोक दोन बोटांत धरून हळूहळू, उसवल्यासारखा बोळा बाहेर ओढला.

आवाज नाही. काहीच नाही.

मी शिडीकडे धावले. सरांनी दंड धरला. "हात घालायचा नाही. बॅटरी मारायची नाही. खाली उतरा म्हणावं, शिडी काढा. मागे व्हा सगळे. आत काय आहे ते आता फक्त तो पक्षीच सांगेल."

मागे व्हायचं कुणी? बघे वाढत होते. सनई वाजत होती. त्यात पाहुण्यांची गाडी हॉर्न देत आली, हार घेऊन माणसं पळाली, दयाळ तारेवरून उडून पार रस्त्यापलीकडे गेला. तेव्हा मी पदर खोचला, पोटातून श्वास घेतला आणि शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज लावला: "सनई बंद! मागे सरा! हॉर्न कोण वाजवतंय तो? एकही माणूस हलणार नाही!"

सनई बंद पडली. पाहुणे एक पाय गाडीत, एक पाय बाहेर, असे थिजले. हार धरलेला माणूस हार धरूनच राहिला. सातपूरच्या रस्त्यावर भर सकाळी अशी शांतता मी पाहिली नव्हती. लांबून एका मशीनचा ठोका तेवढा ऐकू येत होता.

दयाळ आला. खांबावर. मग तारेवर. अळी अजून चोचीतच. भोकाच्या कडेवर बसला, मान आत घातली आणि दिसेनासा झाला. बाहेर आला तेव्हा चोच रिकामी.

"दिली!" मी सरांच्या कानात म्हटलं.

"दिली की स्वतः गिळली, कुणी पाहिलं?" सर म्हणाले. "आत कुणी चोच उघडली नाही, तर तेही होतं."

मग मादी आली. किडा घेऊन आत गेली. आम्ही उभे. साहेबांच्या कपाळावरून घाम ओघळत होता, पाहुण्यांचा एक पाय अजून गाडीतच होता. मी मनातल्या मनात भिंतीला, साहेबांना, मोबाइलला, मकावाला, सगळ्यांना शिव्या घालून संपवल्या होत्या. आता फक्त एकीच्या वाट्याच्या राहिल्या होत्या.

मादी बाहेर आली. चोचीत पांढरी, टपोरी पिशवी.

सरांनी डोळ्यांवरचा चष्मा काढला. मला रडू फुटलं, आणि का म्हणून कुणीतरी विचारलं तेव्हा मी हुंदके देत, मोठे पाहुणे, हार आणि सगळी कंपनी यांच्यासमोर ओरडले, "शी केली! पिल्लाने शी केली!" मादीने मांडवावरून उडत जाऊन ती पिशवी पलीकडे कुठेतरी टाकली. मांडवात पडली असती तर मला अधिक आनंद झाला असता.

आत किती होती आणि रात्रीतून किती उरली, हे आम्हाला कळलं नाही. एक तरी होतं.

साहेबांच्या डोक्यात लगेच उजेड पडला. माइककडे जाता जाता म्हणाले, "मॅडम, हे तर फारच छान झालं. 'आमच्या भिंतीत जिवंत घरटं.' एक भोक उघडं राहू द्या. बाकीची दहा बुजलेलीच ठेवू, तिथली चित्रं चांगली आली आहेत."

मी तोंड उघडणार, तेवढ्यात रंगारी माझ्यासमोर येऊन उभा राहिला. त्याच्या पापण्यांवर पुट्टीची पूड होती.

"काल सांगितलं होतं, बाई," तो म्हणाला. आवाज चढवला नाही, मान खाली घातली नाही.

"हो," मी म्हटलं. "सांगितलं होतंत."

त्याने दुसरी छिन्नी माझ्या हातात दिली आणि शिडी दहाव्या भोकाखाली लावली. तिथे माझा धीवर होता. निळा रंग जमायला मला दोन दिवस लागले होते. माइकवर स्वागताचं भाषण सुरू झालं. मी साडीचा काष्टा मारला आणि वर चढले.