रडण्यातला हेल

समोरच्या फ्लॅटमधल्या बाईंना दुपारी आई गेल्याचा फोन आला आणि त्या दारातच खाली बसल्या. बाई खानदेशातल्या. तिकडे बायका मयताला नुसत्या रडत नाहीत, गेलेल्या माणसाशी बोलत, हेल काढून रडतात. "माय वं, आते मी कोनले माय म्हनू..." जिना भरून गेला. वरच्या मजल्यावरच्या बाई मला हळूच म्हणाल्या, "दुःख आहे, पण ऐकवत नाही हो." मी मान हलवली.

कुठली बोली गोड आणि कुठली टोचते, हे म्हणे कान ठरवतो. माझा कान मला वसतिगृहात मिळाला. मीही खानदेशातलीच. पहिल्या वर्षी खोलीतल्या मुली माझ्या बोलण्याला हसल्या, दुसऱ्या वर्षी मी त्यांच्यासारखी बोलू लागले. पुढे आईचा फोन आला, की मी गॅलरीत जाऊन बोलायची.

आई गेली तेव्हा गावी पोचले. आमच्याकडे पहिला हेल लेकीनं काढायचा, मग बाकीच्या बायका त्यात सूर मिसळतात. सगळ्या माझ्याकडे बघत थांबल्या. मी रुमालानं डोळे टिपत राहिले. शेवटी शेजारची म्हातारी म्हणाली, "ऱ्हाऊ द्या, तिले नही येत आते," आणि माझ्या आईसाठी तीच रडायला लागली.

समोरचा हेल संध्याकाळपर्यंत चालू होता. दार लावून मी आत बसले होते. त्यातला शब्द न् शब्द मला कळत होता.