येतानाचं वजन

आमच्या दुकानात ट्रेलरचे टायर घ्यायला आलेला माणूस टायर घेऊन जाईलच असं नाही. आधी माझ्या सासूबाई त्याला वजनकाट्यावर पिटाळतात. "भरलेला ट्रेलर काट्यावर घाल, पावती आण, मग बोलू." कुणी म्हणालं, "अहो, असेल आठशे किलो," की त्या चष्म्यावरून बघतात. "असेल? टायरला 'असेल' कळतं का?" गिऱ्हाईकं त्यांच्या माघारी त्यांना हेडबाई म्हणतात. त्यांना ते माहीत आहे, आणि खरं सांगू, आवडतंही.

तीस वर्षं त्या हे दुकान चालवतायत. मी लग्न होऊन आले तेव्हा टायर म्हणजे काळा आणि गोल, एवढंच माझं ज्ञान. आता टायरच्या बाजूवरचे आकडे मीही घडाघडा वाचते. मला राग पटकन येतो. त्यांना येतच नाही, त्या फक्त बरोबर असतात, आणि त्याचाच मला जास्त राग येतो. माझा नवराही त्यांच्यासमोर पावती हातात घेऊनच तोंड उघडतो.

यंदा माझ्या धाकट्या भावाने स्वतःचा ट्रेलर केला. त्याच्याकडे मधमाश्यांच्या चोवीस पेट्या आहेत. तेवढंच त्याचं पोटपाणी. झाडं फुलली की तो त्या घाटावरच्या फळबागेत नेऊन ठेवतो. इतकी वर्षं भाड्याचा ट्रक होता, त्यामुळे टायरबियर ट्रकवाल्याची डोकेदुखी. आता स्वारी स्वतःच्या जुन्या कारचे टायर घेऊन दारात हजर.

"मावशी, बघा तरी, नक्षी कशी कोरी करकरीत आहे!"

सासूबाईंनी नक्षीकडे ढुंकून पाहिलं नाही. टायरच्या बाजूवर अंगठा फिरवत त्यांनी चार आकडे शोधले. "कितव्या आठवड्यात आणि कुठल्या वर्षी बनला, ते इथे लिहिलेलं असतं. हा नऊ वर्षांचा झालाय. नुसतं पडून राहिलं तरी रबर म्हातारं होतं, बाबा. शिवाय कारच्या टायरचं अंग मऊ असतं, आतल्या माणसांना गचके बसू नयेत म्हणून. ट्रेलरखाली तेच अंग डुलायला लागलं की ट्रेलर तुझ्या गाडीलाही डुलवतो."

भाऊ मुकाट्याने काट्यावर जाऊन आला. पेट्यांसकट आठशे तीस किलो. सासूबाईंनी ट्रेलरचेच खास टायर काढले, एकेक सहाशे किलो पेलणारा. दोन चाकांना दोन, आणि तिसरा स्टेपनी. "भरपूर झाले," त्या म्हणाल्या. भाऊ शीळ घालत गेला.

दीड महिन्याने, ऐन जेवणाच्या वेळी त्याचा फोन आला. "ताई, यंदा काय मध लागलाय म्हणून सांगू! एकेक पेटी उचलायला दोन माणसं लागतायत. उद्या उजाडताच निघतो. उद्याच बागेत औषध फवारणार आहेत, त्याआधी माश्या हलवायला हव्यात."

मी हसले, शाबासकी दिली, फोन ठेवला आणि मग त्याचं एक वाक्य खटकलं. दोन माणसं? जाताना तर हा पठ्ठ्या एकेक पेटी एकटाच चढवत होता.

"आई, ते टायर कमी पडणार," मी ताटावर बसलेल्या सासूबाईंना म्हटलं.

"पावती आहे माझ्याकडे. आठशे तीस."

"ती जातानाची आहे!" माझा आवाज चढलाच. "येतानाची कुठंय?"

त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मनातल्या मनात हिशोब करताना त्यांचे ओठ हलत होते. पेटीमागे पंचवीस किलो मध धरला तरी चोवीस पेट्यांचे सहाशे. म्हणजे चौदाशे तीस. दोन टायर मिळून पेलणार बाराशे. आणि खाली नऊ किलोमीटरचा उतार.

"चुकलं माझं," त्या म्हणाल्या.

बारा वर्षांत हा शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकला नव्हता. खरं तर मला उकळ्या फुटायला हव्या होत्या. पण मला भीतीच वाटली. वाटलं, देवा, एवढ्या वेळेला यांनाच बरोबर ठरव.

मी भावाला फोन लावला. "अर्ध्या पेट्या मागे ठेवून ये."

"कुठल्या अर्ध्या मारू, तेही सांग," तो म्हणाला.

सासूबाई तोवर उठल्या होत्या. त्याच मापाचे, पण एकेक नऊशे किलो पेलणारे तीन टायर त्यांनी रिमसकट टेम्पोत चढवले. "अ‍ॅक्सल दोन टनाचा आहे, ते तेव्हाच पाहिलं होतं. तेवढं तरी पाहिलं," त्या पुटपुटल्या. वाट तीन तासांची. टेम्पो मी चालवत होते.

बागेत पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. डोक्यावर जाळीची टोपी चढवून सासूबाई जॅकपाशी बसल्या. कानाशी माश्या घोंगावत होत्या, पण बाई हलल्या नाहीत. नट त्यांनी स्वतः आवळले, एक इकडचा, एक समोरचा. मग उठून भावाला म्हणाल्या, "चूक माझी आहे, तुझी नाही. परत येताना काय आणणार, हे मी विचारायला हवं होतं."

"अहो मावशी, मला तरी कुठे सुचलं?" भाऊ ओशाळून म्हणाला.

माश्या पेट्यांत परतल्यावर त्याने दारं बंद केली. पेट्या ट्रेलरवर चढवताना मीही हात लावला, आणि दुसऱ्याच पेटीला माझी कंबर बोलायला लागली. सकाळी टायर थंड असतानाच सासूबाईंनी हवा मोजली आणि आम्ही निघालो. पुढे भाऊ, मागे आमचा टेम्पो. अर्धा घाट उतरल्यावर त्यांनी सगळ्यांना थांबवलं आणि दोन्ही टायरांवर तळहात टेकवला. "कोमट आहेत. चला." बाकी सगळा रस्ता त्यांची नजर त्या दोन चाकांवरून ढळली नाही. शेवटच्या वळणावर त्यांनी माझ्या मांडीवरचं कापड मुठीत घट्ट धरलं होतं. त्यांना ते कळलंच नसावं.

खाली सपाटीला भाऊ टुणकन उतरला. "बघा! उगाच जीव टांगणीला लावला तुम्ही दोघींनी. त्या आधीच्या टायरांवरही आलो असतो की!"

माझं टाळकंच सरकलं. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाई टेम्पोतून उतरल्या.

"आला असतासही," त्या म्हणाल्या. "पण ते बघायला मी तुला पाठवणार होते का रे?"

भावाचं हसू मावळलं. त्याने आधी चाकांकडे पाहिलं, मग मान वळवून घाटाकडे, आणि तिथेच, रस्त्याच्या कडेला, मटकन खाली बसला.