खापरावरचे मांडे

“अक्का, तू हालू नको, बठ्ठं आम्ही करतस,” म्हणत काकूनं बाबांच्या आत्याला खुर्चीत बसवलं.

“मी काय लोणचं शे, मुरत ठेवाले?” अक्का पुटपुटल्या. मांडे करायला जमलेल्या सगळ्या बायका हसल्या.

आज जळगावात कुठूनसा तापलेल्या खापराचा वास आला आणि दोंडाईच्याची ती आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, दुपार डोळ्यांपुढे तरळली. हातांवर फिरता फिरता पुरणाचा मांडा ओढणीसारखा पातळ होई आणि अलगद चुलीवरच्या उपड्या मातीच्या खापरावर उतरे. सणाचे मांडे नेहमी अक्काच करायच्या. पण पडल्यापासून त्यांचा खांदा धरला होता. हात चालता ठेवा, नाहीतर कायमचा आखडेल, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. घरचे मात्र मायेनं पाण्याचा पेलाही त्यांच्या ओठांना लावत.

खुर्चीत बसल्या बसल्या पदराआड अक्कांचे हात मांड्याच्या तालात हलकेच फिरत होते. तेव्हा वाटलं, त्या रुसल्यात. आज कळतं, हात कायमचा जाईल म्हणून त्या घाबरल्या होत्या.

माझी शाळा इंग्रजी, अहिराणी जिभेवर अडखळायची, म्हणून मी चारचौघींत गप्पच असायचे. त्या दुपारी मात्र खुर्चीजवळ गेले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “अक्का, उठा ना. मला मांडा शिकवा, माझे हात धरून.”