हलकी, मध्यम, जोरदार

आमच्या साडूंसारखा, दुसऱ्याला सुखानं बसू न देणारा माणूस अख्ख्या मराठवाड्यात शोधून सापडायचा नाही. बायको त्यांना दाजी म्हणते, म्हणून मीही दाजीच म्हणतो. करमाडच्या पुढं एका शाळेत ते पीटीचे सर. पोट सुटलेलं, गळ्यात शिट्टी आणि कमरेच्या पट्ट्याला काडेपेटीएवढी काळी डबी. माणूस किती हलतो आणि किती जोरानं हलतो, हे ती डबी मोजते. त्रेपन्नाव्या वर्षी दाजींनी पीएचडीला नाव घातलं, विषय घेतला किशोरवयीन मुलींच्या हालचालींची तीव्रता, आणि तेव्हापासून त्यांच्या लेखी जगात माणसं उरलीच नाहीत. उरल्या त्या हालचाली, त्याही तीनच प्रकारच्या: हलकी, मध्यम, जोरदार. पुतणीच्या लग्नात मंगलाष्टकं चालू असताना ते माझ्या कानाशी लागले, "नवरदेव हलकीत हाय. अक्षता वाटणारा बघा, मध्यमच्या वर चाललाय." औरंगपुऱ्यात साडी घ्यायला गेलो, तर साड्या उलगडून दाखवणाऱ्या दुकानदाराच्याच कमरेला ते डबी बांधू लागले. तो बिचारा म्हणाला, "साब, साडी लेना है के मेरेकू नापना है?" साडी राहिली ती राहिलीच.

एकदा शाळेतून स्कूटरवर घरी येताना डबी कमरेलाच राहिली. रस्त्याचे खड्डे आणि ती जुनी स्कूटर, दोघांनी मिळून असा काही हिसका दिला, की हा गृहस्थ करमाडपासून शहरापर्यंत पळत आला, असं डबी जोडल्यावर संगणकानं सांगितलं. दुसरा कुणी असता तर हसला असता. दाजी गंभीरपणे म्हणाले, "आकडा खोटं बोलत नाय," आणि त्या आकड्याच्या जोरावर त्यांनी दोन पुरणपोळ्या जास्त खाल्ल्या.

पण पीएचडी ही त्यांच्यासाठी गंमत नव्हती. परीक्षा जवळ आली की शाळेत पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो. तीस वर्षं त्यांचे तास कुणी ना कुणी मागून नेले होते. निवृत्तीआधी एकदा तरी आपलं काम कुणीतरी मन लावून वाचावं, एवढीच त्यांची इच्छा होती. दोनदा मुदत वाढवून झाली होती, ही शेवटची.

त्यांनी नववीच्या मुलींना आठवडाभर डब्या बांधायला दिल्या. देताना मोठं भाषण केलं. वस्तू लई महाग हाय, जिवापाड जपा, आंघोळीला काढा, झोपताना काढा. आकडे आले आणि दाजी उडालेच. खेड्यातल्या या मुली दिवसभर नुसत्या बसून असतात, आणि सगळ्यांत बैठी म्हणजे कोमल नावाची पोर. त्यांचे मार्गदर्शक मात्र खूश. असा निष्कर्ष कुणाला मिळत नाही, लिहून टाका, म्हणाले. तरी खात्रीसाठी दाजींनी आणखी एक आठवडा मोजायचं ठरवलं, आणि त्यातल्या रविवारी ते सकाळीच कोमलच्या घरी गेले. लेकीला जरा व्यायामाची सवय लावा, हे तिच्या आईला सांगायचं होतं.

वाटेत बोअरवर कोमल भेटली. डोक्यावर दोन हंडे. दाजी तिच्या घरच्या ओट्यावर चहा पीत बसले तेवढ्यात तिच्या तीन खेपा झाल्या, आणि चौथी उरकून ती कापूस वेचायला निघाली. कमरेला डबी नव्हती.

"डबी कुठंय?" दाजींनी विचारलं.

आईनं देवळीतून डबी काढली. स्वच्छ रुमालात गुंडाळलेली, वर हळदकुंकू. "सरांची अमानत हाय," ती म्हणाली. "पाण्यात, कापसात कशाला खराब करायची? शाळेत जाताना बांधते की ती."

दाजींनी घरोघरी विचारलं. सगळीकडं तेच. डबी काढून ठेवलेले तास संगणक धरतच नाही, त्यामुळं मागं राहिलं होतं फक्त बाकावरचं बसणं.

संध्याकाळी ते माझ्याकडं आले. "साडूभाऊ, पदवी हातात हाय. फक्त लिहायचं, की आमच्या पोरी आळशी हायेत." मी म्हणालो, लिहून टाका, कोण बघायला येतंय. त्या बोलण्याची मला अजून लाज वाटते. दुसऱ्या दिवशी त्यांनी आकडे मागं घेतले. नव्यानं मोजायला मुदत नव्हती. पीएचडी तिथंच संपली.

डब्या परत करण्याआधी त्यांनी कोमलला एक अख्खा दिवस डबी बांधायला लावली, खराब झाली तरी चालेल म्हणून. आलेख कागदावर काढून तिच्या घरी नेला. ती त्यातल्या उंच रेघांवर बोट ठेवत गेली.

"हे काय, सर?"

"पाण्याच्या खेपा."

"अन् हे?"

"कापूस. जोरदार हाय सगळं."

तिनं सगळ्यांत उंच रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाली, "ह्याला पीटीत मार्क असत्यात का?"

पीटीच्या तासाला ती लिंबाखाली बसून राहायची, म्हणून सहामाहीत दाजींनीच तिला क श्रेणी दिली होती. वार्षिक निकालात त्यांनी अ लिहिली. मुख्याध्यापकांनी विचारलं, ही मुलगी मैदानावर खेळली कधी?

"नाय खेळली, सर," दाजी म्हणाले. "शाळेत पोचेपर्यंत दमलेली असायची."