पहिल्या कोचचा रकाना

आमच्या सिझरान गावच्या स्टेशनवर उतरल्या उतरल्या उल्याना चेरेमिसिनाने टोपी भुवयांपर्यंत खाली ओढली. लोकांनी ओळखू नये म्हणून. घ्या! ओळखायला ही अशी कोण लागून गेली होती? टेनिसमध्ये जगात दोनशे एकतिसावी, तेही सहा वर्षांपूर्वी, जेमतेम तीन आठवडे. मॉस्कोत तिला शेजारीणसुद्धा ओळखत नव्हती. पण आमच्या गावातून रॅकेट घेऊन परदेशी गेलेली पोरगी ही एकच. आणि पंधरा वर्षं ती गावात का फिरकली नाही, याचे तर्क गावाने आपापल्या परीने लढवले होते. आईची आठवण आली की ही आईलाच गाडीत बसवून मॉस्कोला बोलवायची.

आता आली होती तिला लहानपणी टेनिस शिकवणाऱ्या रिम्मा अर्काद्येव्हनाच्या सत्तरीला. रिम्माचं पत्र आलं होतं, दोन ओळींचं. "शनिवारी दोन वाजता, कोर्टवरच. तुझी खुर्ची ठेवलीय." खुर्ची ठेवलीय म्हटल्यावर माणूस तोंड लपवणार तरी कुठे? गाडीत चौदा तास तिने एकच वाक्य घोकलं होतं. मला रिम्मा अर्काद्येव्हनाने घडवलं आणि मी कागदावर खोटं लिहिलं. आमच्याकडे वाढदिवसाच्या टेबलावर प्रत्येकाला उभं राहून, पेला हातात धरून चार शब्द बोलावेच लागतात. तेव्हाच हे बोलायचं, सगळ्यांसमोर, असं तिने ठरवलं होतं.

ते खोटं काय, तेही सांगते.

उल्याना सहा वर्षांची होती तेव्हापासून रिम्माच्या हाताखाली. रिम्माचं कोर्ट म्हणजे वीटभट्टीतल्या फुटक्या विटा स्वतः कुटून, चाळून अंथरलेली लाल माती. हिवाळ्यात त्यावर कमरेएवढं बर्फ. मग ही बाई पोरांना शाळेच्या हॉलमध्ये न्यायची आणि पायांत वालेन्की घालून खेळवायची. वालेन्की म्हणजे ते आपले गुडघ्यापर्यंतचे लोकरीचे जाड बूट. त्यात मोठी ढांग टाकली की माणूस आदळलाच. मग पोरं आपसूक लहान लहान, भराभर पावलं टाकायला शिकायची. "पाय उचल, बदका!" रिम्मा ओरडायची. "चेंडू काय तुझ्या घरी चहाला येणार आहे?" आठ वर्षं असं चाललं. चौदाव्या वर्षी रिम्मानेच तिला मॉस्कोच्या गाडीत बसवलं, डब्यात उकडलेली अंडी दिली आणि मागे वळून न बघता निघून गेली.

सतराव्या वर्षी उल्यानाला खेळातला मास्टरचा किताब मिळायचा होता. त्याच्या अर्जात एक रकाना असतो, पहिला कोच. ज्याने लहानपणी हाती रॅकेट दिली त्याचं नाव तिथे लिहायचं, खाली खेळाडूने सही करायची. त्या एका नावावर गावाकडच्या कोचचा सगळा मान आणि बढती. तर तिचे मॉस्कोतले कोच व्हदिम ल्वोविच म्हणाले, "तिथे माझं नाव टाक."

"पण मला तर रिम्मा अर्काद्येव्हनांनी..."

"कोण रिम्मा? ती तिकडे टोमॅटोची रोपं लावत बसली असेल. तिला काय करायचंय हे? बरं, ते जाऊ दे. पुढच्या आठवड्यात तुर्कस्तानात, अंताल्याच्या स्पर्धेला यायचंय ना तुला? की नाही यायचं?"

यायचं होतं. तिने लिहिलं, सही केली. लगेच पुढच्या महिन्यात एक स्पर्धा जिंकली, पत्रकार आला. म्हणाला, काय सुंदर पावलं आहेत तुमची, कोणी घडवली? अर्जात एक आणि पेपरात दुसरं कसं चालेल? एक खोटं बोललं की त्याला दुसऱ्याचा टेकू द्यावा लागतो. "माझे पहिले कोच व्हदिम ल्वोविच यांनी," ती म्हणाली. फोटोसकट छापून आलं.

नेमकं त्याच वसंतात रिम्माने कोचच्या वरच्या श्रेणीसाठी अर्ज केला होता. उल्यानाला ती लाडाने उल्का म्हणायची. कमिटीपुढे मोठ्या तोऱ्यात म्हणाली, "माझी उल्का मास्टर झालीय." कमिटीने कागद काढला. त्यावर दुसरंच नाव. तेव्हा क्रीडाशाळेचा मुख्य होता बुल्दाकोव, त्याच वर्षी बाहेरून आलेला, जिभेला हाड नसलेला माणूस. तो म्हणाला, "रिम्मा, दुसऱ्याची कोंबडी आपल्या खुराड्यात दाखवतेस होय?" अख्खी खोली हसली. रिम्मा पर्स उचलून बाहेर पडली. तिने पुन्हा कधी अर्ज केला नाही, आणि ती खोटारडी नाही हे सांगायलाही कधी कोणाकडे गेली नाही.

हे उल्यानाला कळलं आईच्या फोनवरून. आई म्हणाली, "बाजारात रिम्मा दिसली की मी टोमॅटोच्या ढिगामागे लपते. तुझं बरं आहे, तू तिकडे. मला इथे राहायचंय गं."

पुढची पंधरा वर्षं उल्याना खेळली. एका खोलीत तिघी, बेसिनमध्ये कपडे, रॅकेटच्या तारा स्वतःच ओढायच्या, आज तुर्कस्तान, उद्या इजिप्त. चार लहान चषक. एकदा एका मोठ्या स्पर्धेच्या पात्रता फेरीत दुसऱ्या सामन्यापर्यंत, आणि तेवढंच तिचं शिखर. पण कुठेही गेली तरी कोणीतरी म्हणायचंच, पाय काय हलतात हिचे! दुसरी कोणी फुलली असती. ही बॅग उचलून चालू लागायची. व्हदिम ल्वोविचने तिला अठराव्या वर्षीच सोडलं, नवी मुलगी धरली. शेवटी खांदा गेला, खेळ संपला, आणि ते खोटं मात्र तसंच राहिलं.

असो. तर शनिवार. कोर्टच्या कडेला झाडाखाली टेबलं लावली होती. काकड्यांचं लोणचं, मेयोनेजमध्ये माखलेली सॅलडं, कोबीच्या कचोऱ्या, आणि आमचे सिझरानचे टोमॅटो, बाळाच्या डोक्याएवढे. उल्याना आईच्या मागून, चोरासारखी आत आली. हातात गुलाब. बाजारात तिने सात घेतले होते, मग घाबरटासारखी म्हणाली, अजून एक द्या, कमी वाटायला नकोत. आणि तिच्या ध्यानातच राहिलं नाही की जोडीची, म्हणजे सम आकड्यातली फुलं आमच्याकडे मयताला नेतात. आठ गुलाब, सत्तरीच्या बाईला! टेबलाभोवतीच्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. कोणीतरी "देवा रे!" म्हणालं. आई तर पांढरी फटक.

रिम्मा उठली. पाठ थोडी वाकलेली, पण शिट्टी अजून गळ्यात. तिने गुलाब घेतले, त्यातला एक मोडून स्वतःच्या कानामागे खोचला आणि म्हणाली, "सात मला आणि एक माझ्या सौंदर्याला. बसा गं, बघता काय? ये, उल्का. ही तुझी खुर्ची."

खुर्ची रिम्माच्या उजव्या हाताला होती. उल्यानाला वाटलं, त्यापेक्षा दाराबाहेर बसवलं असतं तर बरं झालं असतं.

एकेक जण उठून बोलू लागला. आरोग्य, आनंद, शंभर वर्षं. मग बुल्दाकोव उठला. आता निवृत्त, पोट सुटलेलं, दोन पेले आधीच आत. "आमच्या रिम्माने आयुष्यात एकच थाप मारली!" तो गडगडला. "आठवतंय ना, कोंबडी आणि खुराडं? आता कोंबडी समोरच बसलीय, तिलाच विचारू! काय गं उल्याना, कोणी शिकवलं तुला?"

लोक हसले. सगळी तोंडं तिच्याकडे वळली. अहो, देवाने याहून सोपी संधी कुणाला दिली असती? वाक्य तयार होतं, चौदा तास घोकलेलं. ती उठली, पेला धरला, आणि तोंडातून निघालं काय तर, "सगळ्यांकडूनच थोडं थोडं शिकले मी. रिम्मा अर्काद्येव्हनांना उदंड आयुष्य लाभो."

बसली. रिम्माने तिच्या पेल्याला पेला लावला आणि काकडी खाल्ली. आईने मान फिरवली. उल्यानाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. एवढी भ्याड मी नेटपलीकडच्या कुणासमोर नव्हते, आणि घरच्या टेबलावर झाले!

भांडी उचलायचं निमित्त करून ती कोर्टशेजारच्या लाकडी खोलीत गेली. तिथे एका भिंतीवर रिम्माच्या मुलांचे फोटो, कात्रणं. आणि मधोमध, चौकटीत, तोच पेपर. सतरा वर्षांची उल्याना, चषक, मथळा. तिचे डोळे आपोआप त्या ओळीवर गेले. पण ओळ नव्हतीच. तिथे काचेच्या आतून एक छोटा फोटो चिकटवला होता. हॉलमध्ये उभी सहा वर्षांची पोर, कमरेपर्यंत आल्यासारखे भासणारे वालेन्की, हातात स्वतःपेक्षा मोठी रॅकेट.

"मुलं वाचतात ना," मागून रिम्मा म्हणाली. हातात ताटांचा ढीग. "म्हणून झाकली. नवी मुलं तुझं नाव घेऊन येतात. त्यांना कशाला कळायला पाहिजे, की तू असं बोललीस?"

"म्हणजे पंधरा वर्षं तुम्ही..."

"ताटं घे आधी. जड आहेत."

उल्यानाने ताटं घेतली, ठेवली आणि तिथेच मोरीपाशी हुंदके देऊन रडली. रिम्माने समजूत घातली नाही. उरलेला टोमॅटो चिरून खाल्ला आणि बाहेर गेली.

संध्याकाळी लोक निघाले. निघताना दारात उभ्याउभ्या शेवटचा पेला घ्यायची आमची रीत. वाट सुखाची होवो, म्हणायचं आणि सुटायचं. बुल्दाकोव टोपी शोधत होता. तेवढ्यात उल्याना कुंपणाचं दार अडवून उभी राहिली.

"थांबा," ती म्हणाली. आवाज फाटला. "मघाशी मी खोटं बोलले. सतरा वर्षांची असताना पण खोटंच बोलले. मला या बाईंनी शिकवलं. सहाव्या वर्षापासून, वालेन्की घालून. अर्जात मी दुसऱ्याचं नाव लिहिलं, कारण मला अंताल्याला जायचं होतं. थाप यांनी नाही मारली, बुल्दाकोवसाहेब. मी मारली. तुम्ही हसलात त्यांना, ते माझ्यामुळे."

बुल्दाकोवने सापडलेली टोपी पुन्हा डोक्यावरून काढली. आई कुंपणाला टेकून रडत होती.

सगळ्यांनी रिम्माकडे बघितलं. आम्हाला वाटलं, आता मिठी मारेल. छे! ती आत गेली, चौकट काढून आणली, मागचा पुठ्ठा नखाने उचकटला आणि तो छोटा फोटो सोलून काढला. खालची ओळ उघडी पडली, काळी ठसठशीत. माझे पहिले कोच व्हदिम ल्वोविच.

"आता राहू दे अशीच," रिम्मा म्हणाली. फोटो तिने खिशात टाकला. "मुलं विचारतील. मला सांगता नाही यायचं, माझी पाठही आता साथ देत नाही. सोमवारी सात वाजता ये. आधी मातीवर पाणी मारायचं असतं, विसरली नसशील."

उल्याना सोमवारी आली, आणि राहिलीच. खांदा दुखतो तेव्हा डाव्या हाताने चेंडू टाकते. हिवाळ्यात हॉलमधून तिचा आवाज रस्त्यापर्यंत येतो, "पाय उचल, बदका!" आणि दर सप्टेंबरात नवी मुलं येतात, भिंत वाचतात, मग एखादी चोंबडी, आदराने वडिलांच्या नावासकट हाक मारून, विचारतेच, "उल्याना सेर्गेयेव्हना, हे व्हदिम ल्वोविच कोण? तुम्हाला तर आजींनी शिकवलं ना?"

उल्याना पाण्याची नळी खाली ठेवते आणि सांगते. तिचे कान अजून लाल होतात. रिम्मा बाकावर डोळे मिटून बसलेली असते, वाटतं झोपलीय. पण उल्याना भराभर बोलून शेवटाकडे पळायला लागली की बाकावरून आवाज येतो.

"कमिटीचं राहिलं, उल्का. तेही सांग."

आणि उल्याना तेही सांगते.