माझ्यासमोर उभे न राहणारे स्फटिक

आधीच सांगते — मी बारामतीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि असल्या अनुभवांची भर वर्गात खिल्ली उडवत आले आहे. त्यामुळे हे लिहिताना लाज वाटतेय. माझ्या विद्यार्थ्यांपैकी कुणी ओळखलंच, तर कृपा करून स्टाफरूममध्ये विषय काढू नका.

माझं सासर भवानीनगर. लग्नाला वर्ष व्हायच्या आत नवरा अपघातात गेला. नंतर मागून कुणी 'पांढऱ्या पायाची' म्हटलं, की मी वळून तोंडावर सुनावायचे. सासूबाईंनाही सोडलं नाही. "आत्या, असलं काही नसतं," हे त्यांना इतक्यांदा ऐकवलं, की त्या बोलायच्याच बंद झाल्या.

नोकरी सांभाळून मी पीएचडी करते. काम असं — काचेच्या पट्टीवर झिंक ऑक्साइडच्या बियाण्याचा अगदी पातळ थर द्यायचा, पट्टी झिंकच्या द्रावणात बुडवायची आणि बाटली ओव्हनमध्ये ठेवायची. त्या बियाण्यावर स्फटिक वाढतात, केसाहून कितीतरी बारीक काड्या. त्या सरळ उभ्या वाढल्या तरच उपयोग. नुसत्या डोळ्यांना पांढरट थर दिसतो. खरं काय झालंय ते पुण्याहून मायक्रोस्कोपचे फोटो आले की कळतं.

माझ्या काड्या आडव्या पडायच्या. कडब्याची पेंढी विस्कटावी तशा... "कशाची तरी भेसळ होतेय, बघ," माझे गाईड सर म्हणाले. पाणी बदललं, रसायनं बदलली, केसांना तेल लावणं बंद केलं. काही फरक नाही. मग एकदा मला अचानक तासावर जावं लागलं आणि माझी ज्युनिअर आफरीन, इंदापूरची, तिनं माझीच पट्टी माझ्याच द्रावणात घालून ओव्हनला ठेवली. फोटो आले. काड्या उभ्या होत्या, एकूण एक.

तिच्या हाताला गुण असेल, असं मी हसून म्हटलं. पुढच्या वेळी सगळं तिलाच करायला लावलं आणि मी नुसती कोपऱ्यात खुर्ची टाकून पेपर तपासत बसले. आडव्या. मी कॅन्टीनला जाऊन बसले — उभ्या.

मग मी रीतसर प्रयोगच लावला. मी आत बसायचं की बाहेर, ते चिठ्ठी काढून ठरवायचं. पट्ट्यांवर फक्त आकडे. पुण्यात फोटो काढणाऱ्याला काहीच सांगायचं नाही. मास्क घातला, ओव्हनकडे पाठ करून बसले... दर वेळी तेच. शेवटचे फोटो आले तेव्हा आफरीन माझ्याकडे बघेना. "मॅडम, योगायोग असंल," ती हळूच म्हणाली. "कुणाला दाखवायला नको आपण." ती मला सांभाळून घेत होती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

सरांना मी काही सांगितलं नाही. काय सांगणार होते? आता पट्ट्या आफरीन ठेवते आणि मी बाहेर व्हरांड्यात बसते. काम झकास चाललंय. सर खूश आहेत.

गेल्या महिन्यात नणंदेच्या मुलीची, ऋतुजाची हळद होती. पोरगी हट्टालाच पेटली — पहिली हळद मामी लावणार. मला वाटलं, आता आत्या भडकणार. पण त्यांनीच वाटी उचलून माझ्यापुढं धरली.

"लाव," म्हणाल्या. "तूच खरं बोलत व्हतीस. असलं काय बी नसतं. माझंच चुकलं."

इतकी वर्षं ज्यासाठी भांडले ते हातभर अंतरावर होतं. ऋतुजा गाल पुढं करून हसत होती.

मी वाटी घेतली नाही. "नको आत्या, मी बाहेर बसते," म्हटलं आणि उठले.

आत्या मागोमाग आल्या. त्यांच्या हातात अजून ती वाटी होती. "अजून राग हाय व्हय गं माझ्यावर?" त्यांनी विचारलं आणि डोळ्याला पदर लावला.

त्या फोटोंचा अर्थ मला आजही लागलेला नाही. हवा, ओल, श्वास, अंगाची ऊब — सगळं तपासून झालंय. कुणाला काही सुचलं तर जरूर लिहा, मी हात जोडून वाचेन.

आत्यांना मात्र मी तेव्हा "हो" म्हटलं. राग आहे म्हटलं. त्या अजून माझी माफी मागतात, आणि मी मागू देते.